अकरावी सायन्स, घरादारासकट

लातूरला जूनमध्ये पाऊस वेळेवर येईल याची खात्री कुणी देत नाही, पण गाद्या वेळेवर येतात. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, पार बुलढाण्याकडून येणाऱ्या जीपच्या टपावर गुंडाळलेली गादी, गादीत खोचलेली बादली, बादलीत चिवड्याचा डबा आणि खाली खिडकीशी दहावीला नव्वदच्या पुढे टक्के मिळवलेलं एक गप्प लेकरू. या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यावं लागलं होतं, तेव्हा बाहेरची माणसं इथे पाण्यासाठी मुक्कामाला येत नाहीत हे उघड आहे. ती येतात डॉक्टर व्हायला.

डॉक्टर कुणी व्हायचं हे घरात आधीच ठरलेलं असतं. गंगाखेडकडच्या एका जिल्हा परिषदेच्या गुरुजींना ॲडमिशनच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "मुलीला विचारलंत का?" गुरुजी गोंधळले. "तिला काय विचारायचं? तिला चौऱ्याण्णव टक्के पडलेत." रांगेतल्या बाकीच्या बापांनी माना डोलावल्या. अठ्ठ्याऐंशीवाल्या मुलाला विचारतात, ऐंशीवाल्याला सल्ला देतात, आणि चौऱ्याण्णववालीला बायोलॉजी देतात.

गणित ठेवायचं की सोडायचं यावर मात्र चर्चा होते. पीसीबी म्हणजे परतीचे दोर कापणं. पीसीएमबी म्हणजे डॉक्टरकी हुकली तर इंजिनिअरिंगची सोय. गुरुजींच्या घरी गणित ठेवावं असं आईचं मत पडलं, कारण फी भरलेल्या कॉलेजात एक विषय फुकट सोडून द्यायचा हे तिला पटेना. ऑगस्टपर्यंत गणित आपोआप सुटलं. फिजिक्सने त्याची जागा घेतली, आणि झोपेचीही.

लातूरच्या या व्यवसायाला तसा आदरणीय भूतकाळ आहे. बारावीच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश ठरायचा, त्या काळात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं दिसू लागली आणि पुण्या-मुंबईने नकाशा उघडला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं त्याला पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. काहीतरी गुपित असणार असं समजून बाहेरची मंडळी पाहायला येत. गुपित निघालं ते असं: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग चाचणी घ्यायची, चाचणी तपासायची, चुका दाखवायच्या आणि पुन्हा चाचणी घ्यायची. पाहुण्यांची थोडी निराशा होत असावी. जडीबुटी शोधायला यावं आणि वैद्याने "रोज चाला" म्हणावं, तसंच हे.

परीक्षा पुढे बदलत गेली. बोर्डाच्या गुणांऐवजी राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये देशभराची पहिली नीट झाली आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आपला तो निकाल मागे घेतला आणि नीट परत आली. त्या वर्षी ५ मेला महाराष्ट्रातली मुलं सीईटीचा पेपर सोडवत असताना ती परीक्षा चालणार की नाही हे दिल्लीत ठरायचं होतं. अखेर मे महिन्यातच केंद्राने वटहुकूम काढून राज्याच्या जागांना एका वर्षाची सूट दिली. ज्या घरातल्या कुणी बांधाच्या भांडणासाठीसुद्धा कोर्टाची पायरी चढली नव्हती, त्या घरांत त्या उन्हाळ्यात 'रिव्ह्यू पिटिशन' हा शब्द लोणच्याच्या फोडींइतका सहज फिरत होता. मुलं फिजिक्स वाचत होती. घटनात्मक कायदा पालकांनी करून टाकला.

घराच्या शिक्षणाचा हा दुसरा अभ्यासक्रम कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. मुलाला विषय तीन. घराला मोजून सांगता येणार नाहीत इतके.

पहिला विषय निवासाचा. लातूरच्या रिक्षावाल्याला 'ट्यूशन एरिया' एवढंच सांगितलं तरी चालतं. उतरल्यावर डोकं वर केलं की आकाशाऐवजी फ्लेक्स दिसतात. फ्लेक्सवर हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा आणि प्रत्येकाखाली ७२० पैकी किती ते. गुरुजींनी शिक्षकी सवयीने सगळे फ्लेक्स वाचले, तेव्हा निळ्या शर्टातला एकच मुलगा समोरासमोरच्या दोन क्लासेसच्या फ्लेक्सवर सापडला. चौकशी केली. एका क्लासला तो दोन वर्षं होता, दुसऱ्याची त्याने फक्त टेस्ट सिरीज लावली होती. दोघांनाही त्याचं श्रेय हवं होतं आणि मुलगा दोघांनाही नाही म्हणाला नव्हता.

फ्लेक्सच्या खाली भिंतीवर लहान पाट्या: 'कॉट बेसिसवर मिळेल', 'फक्त मुलींसाठी', 'घरगुती मेस, रविवारी फीस्ट', 'इन्व्हर्टरची सोय'. कॉट बेसिस म्हणजे खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली कॉट मिळते. कॉटखालची जागा तिच्याबरोबर येते की शेजारच्या कॉटचाही तिच्यावर हक्क असतो, हा वाद वर्षभर पुरतो. शेवटी गुरुजींनी एक खोली-किचन घेतलं आणि मुलीसोबत आईही लातूरला राहायला गेली. गुरुजी गावी एकटे राहिले. दोन वर्षांत ते वरण-भात, पिठलं आणि कामापुरत्या गोल भाकरी शिकले. शाळेत सहकारी विचारत, "सर, मुलीची तयारी कशी चाललीये?" गुरुजी सांगत, "तिची माहीत नाही, माझी भाकरी फुगायला लागलीये."

दुसरा विषय हजेरीचा. मुलीचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिक्षण क्लासात आणि परीक्षा तिसरीकडेच. 'इंटिग्रेटेड' असं भारदस्त नाव मिळालेली ही व्यवस्था रोखायला सरकारने २०१८ मध्ये अकरावी-बारावी सायन्ससाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण मशीनला अंगठा देऊन झाल्यावर त्या अंगठ्याचा मालक कुठे बसतो, हे मशीन विचारत नाही. मुलीला कॉलेज ओळखीचं होतं ते प्रॅक्टिकलपुरतं. प्राचार्यांची ओळख जर्नलवरच्या सहीपुरती होती. बारावीच्या बोर्डाबद्दल तर आता कुणी धास्तीने बोलत नाही. एकेकाळी ज्या गुणांवर डॉक्टर ठरत, त्यांचं काम आता फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के भरवण्याइतकं उरलंय. बोर्डाची परीक्षा लातुरात उरकून घेतात.

बायोलॉजीचं पुस्तक मात्र देव्हाऱ्याच्या खालोखाल. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, आणि सर सांगतात की एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ हवी. त्यामुळे पुस्तकाला आधी पिवळा हायलायटर लागतो. मग जे पिवळं नाही तेही महत्त्वाचं वाटून त्याला गुलाबी लागतो. दिवाळीपर्यंत पुस्तकात पांढरा कागद शोधावा लागतो.

या पुस्तकाचा उपयोग एकदा खोलीत प्रत्यक्ष झाला. रात्री साडेदहाला मोरीतून झुरळ निघालं आणि आईने चप्पल उचलली.

"मम्मी, थांब! पेरिप्लॅनेटा अमेरिकाना आहे."

"कुठलं का असेना."

"नर आहे बघ. मागे दोन बारीक काटे जास्तीचे दिसतात ना, ते मादीला नसतात. याच्या हृदयाला तेरा कप्पे असतात, माहितीये?"

आईने तेरा कप्प्यांसकट नराला मारलं आणि पुन्हा मेथी निवडायला बसली. माणसाच्या हृदयाला कप्पे चारच, आणि पुढे आयुष्यभर काम त्यांच्याशीच पडणार. पण परीक्षेला दोन्ही हृदयं सारखीच. पुढे पाठ्यपुस्तकं हलकी करताना एनसीईआरटीने अकरावीच्या त्या धड्यातून गांडूळ आणि झुरळ वगळलं, बेडूक ठेवला. क्लासातल्या जुन्या नोट्समधून झुरळ काही लगेच गेलं नाही. "विचारलं तर?" या दोन शब्दांच्या जोरावर लातुरात बरंच काही टिकून आहे.

तिसरा विषय अंकगणिताचा, आणि त्यात गुरुजी चमकले. दर रविवारी टेस्ट, आणि संध्याकाळी फोनवर संदेश: आपल्या पाल्यास ७२० पैकी अमुक गुण. हा आकडा घराचं हवामान ठरवतो. चारशे बारा आले की आई फोनवर हळू बोलते. पाचशे सोळा आले की रविवारची फीस्ट घरी आणली जाते. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला वजा एक, सोडलेल्याला शून्य. "फिजिक्सने घात केला" हे वाक्य मुलगी दर आठवड्याला म्हणे. शेवटी गुरुजींनी तिला गेल्या बारा टेस्टचा तक्ता काढून दाखवला की फिजिक्स कायम तेवढंच आहे, घात केमिस्ट्री करतेय. तिने तक्ता घडी करून केमिस्ट्रीच्या पुस्तकात ठेवला आणि पुढच्या रविवारी पुन्हा म्हणाली, "फिजिक्सने घात केला."

हेच गणित २०२४ मध्ये देशाला करावं लागलं. निकाल लागला ४ जूनला. त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी होती, त्यामुळे अर्ध्या घराचं लक्ष खासदारांकडे आणि अर्ध्याचं ७२० कडे. सुरुवातीला ६७ जणांना पैकीच्या पैकी. त्याहून नवल म्हणजे काहींना ७१८ आणि ७१९. गुरुजींनी पाटीवर मांडून दाखवलं: सगळं बरोबर, ७२०. एक सोडला, ७१६. एक चुकला, ७१५. मधले आकडे कुठून आले? ते आले होते वेळ वाया गेला म्हणून १,५६३ परीक्षार्थींना दिलेल्या वाढीव गुणांतून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, वाढीव गुण रद्द झाले आणि ज्यांना हवी त्यांच्यासाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली. फिजिक्सच्या एका प्रश्नाला जुन्या आणि नव्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे दोन उत्तरं बरोबर धरली होती. त्यातलं खरं कोणतं हे सांगायला न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतल्या तिघा तज्ज्ञांना बसवलं. त्यांनी एकच उत्तर ठेवलं आणि पैकीच्या पैकीवाले १७ उरले. अणू कसा असतो हा वाद चहाच्या टपरीवर चालल्याचं एरवी कुणी पाहिलं नव्हतं.

त्या परीक्षेचा दिवस गुरुजी अजून सांगतात. नियम असे की हाफ बाह्या हव्यात, बूट चालत नाहीत, चप्पल चालते. घड्याळ, अंगठी, कानातलं काही नको. पाण्याची बाटली पारदर्शक. पेन आत मिळणार. दुपारी दोनचा पेपर, पण दीडला फाटक बंद. मे महिन्याच्या त्या उन्हात फाटकाबाहेर पालकांचं एक तात्पुरतं गाव वसलं. एका मुलाच्या मनगटावर नवसाचा दोरा निघाला आणि तो कापायला कात्री मिळेना. तिथल्या पंधरा आयांपैकी एकीच्या पर्समध्ये नेलकटर होतं. दोरा त्याने एकेक धागा करून कापला. दोरा कापणारी आई आणि मुलाची आई, दोघी दोन तालुक्यांच्या. संध्याकाळी पाचपर्यंत त्यांनी दोन्ही घरांतली मधुमेहाची औषधं, लग्नाची मुलं आणि लातूरच्या मेसमधला सोडा हे सगळे विषय संपवले. बाप मंडळी निंबाखाली 'यंदा कट ऑफ कितीवर जाईल' या प्रश्नावर होती. पेपर अजून फुटायचा होता, म्हणजे पाकीट अजून फुटायचं होतं, हे स्पष्ट करणं त्या वर्षी विशेष गरजेचं होतं.

मुलीला ६१० पडले. आणखी काही वर्षं आधी यावर गावात मांडव पडला असता. २०२४ मध्ये एवढे गुण असलेली मुलं इतकी होती की सरकारी जागा तिच्यापर्यंत पोचलीच नाही. खासगीची फी गुरुजींनी एकदाच पाहिली आणि लॅपटॉप बंद केला. मग रिपीटर बॅच. पुन्हा तीच खोली, तीच मेथी, नवीन हायलायटर. दरम्यान गुरुजींनी एका दोनशेपानी रजिस्टरात राज्यातल्या प्रत्येक सरकारी कॉलेजाचे प्रवर्गानुसार, फेरीनुसार कट ऑफ लाल-निळ्या शाईत उतरवून काढले. त्यावर त्यांनी निष्कर्ष लिहिला: किमान ६५० हवेत.

४ मे २०२५ चा पेपर असा आला की फिजिक्सने खरोखरच घात केला. देशात पहिला आलेल्या मुलाला ६८६ गुण मिळाले. खुल्या गटाचा पात्रता गुणांक आधीच्या वर्षी १६२ होता, तो १४४ वर उतरला. राज्यातल्या सरकारी जागा आदल्या वर्षीपेक्षा शंभराहून अधिक गुण खाली आल्या. मुलीला ५३० पडले, म्हणजे ऐंशी गुण कमी. आणि तिला सरकारी कॉलेज मिळालं. गावाने पेढे मागायचे की सांत्वनाला यायचं हे दोन दिवस ठरेना. चुलत आजोबांनी तर तोंडावर विचारलं, "आधी हुशार होती तेव्हा का नाही घेतलं?" गुरुजींच्या रजिस्टरातली दीडशे पानं एका दुपारी रद्दीत निघाली.

पण त्याआधी कागदपत्रं. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, जातीचा दाखला, त्याची वैधता, नॉन-क्रिमिलेयर, मेडिकल फिटनेस. शिवाय रिपीटर असल्यामुळे मधलं वर्ष कुठे गेलं याचं गॅप ॲफिडेव्हिट. एक मुलगी वर्षभर एका खोलीत बसून बायोलॉजी वाचत होती, हे स्टॅम्प पेपरवर शपथेवर सांगावं लागतं. सेतू केंद्रात गुरुजींना ओळखीचे चेहरे भेटले: सात वर्षांपूर्वीचे त्यांचेच विद्यार्थी, आता खिडकीपलीकडे. "गुरुजी, क्रिमिलेयरमध्ये पगार धरायचा नसतो," असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं धरायचा असतो. दोघांनाही गणित गुरुजींनीच शिकवलं होतं.

या रांगेत उभं राहिलं की १८८३ ची आठवण येते. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला गेल्या त्या पत्रव्यवहाराच्या बळावर आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आजच्या सीईटी सेलच्या संगणकाने त्यांचा अर्ज पहिल्याच पानावर अडवला असता. बारावी नाही, पीसीबी नाही, टेस्ट सिरीज नाही. वयाची अट तेवढी बसली असती: सतरा पूर्ण लागतात, त्यांना अठरा झाली होती.

ज्या घरात हा दुसरा अभ्यासक्रम करायला कुणी मोकळं नाही, तिथे काय होतं? पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधल्या विद्यार्थ्यांनी 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' नावाने परिस्थिती नसलेल्या मुलांना फुकट शिकवायला सुरुवात केली. पुढे मेळघाटातल्या आदिवासी मुलांच्या बॅचपर्यंत ते काम पोचलं. शिकवणारे स्वतः त्याच रांगांतून नुकतेच बाहेर पडलेले, त्यामुळे फॉर्म कुठे अडतो हे त्यांना फिजिक्सइतकंच पक्कं ठाऊक. मेळघाटातल्या बापाला भाकरी आधीच येत असते. त्याला हवा असतो तो कट ऑफचा तक्ता वाचून दाखवणारा.

प्रवेश फेऱ्यांनी शेवटचा विषय शिकवला: भूगोल. २०२४ मध्ये राज्यात मुंबई, नाशिक, जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशिम, अमरावती, भंडारा, गडचिरोली आणि अंबरनाथ इथे मिळून दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. कोथरूडमधले पालक रात्री अकराला वाशिमला कुठली गाडी जाते हे शोधू लागले. ज्यांनी नागपूरच्या पलीकडे महाराष्ट्र संपतो असं धरलं होतं, ते पसंतीक्रम भरताना भंडारा वर ठेवावं की गडचिरोली यावर भांडले. व्हॉट्सॲपच्या पालक गटांत 'पहिल्या फेरीत मिळालं तर स्टेटस रिटेन्शन भरू नका!' असे उद्गारचिन्हांसह इशारे फिरत होते. रिटेन्शन भरलं की मिळालेली जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्यांचा दरवाजा बंद. भरलं नाही तर रात्रीची झोप बंद. गुरुजींनी पहिल्या फेरीत भरलं नाही, दुसऱ्या फेरीत भरलं, आणि मधल्या काळात त्यांचा रक्तदाब एकशे साठ निघाला. तो मोजणारा डॉक्टर लातूर पॅटर्नचाच होता. त्याने गोळी लिहून दिली आणि विचारलं, "कुठल्या राउंडला आहात?"

मुलगी आता पहिल्या वर्षाला आहे. तिला हाडांची नावं येतात, कुठलं हाड कुठे टेकतं ते येतं, पण आजीचा गुडघा का दुखतो हे अजून शिकवलेलं नाही, असं ती प्रामाणिकपणे सांगते. आजीला हे पटत नाही. एवढे पैसे भरून गुडघासुद्धा नाही? पुढे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप आहे हे आजीला सांगितल्यावर तिने बोटं मोजली आणि झंडू बाम मागवला.

आई गावी परतली. आल्या आल्या तिने भाकरीचा तवा पाहिला आणि काही बोलली नाही. तिने तो घासून घेतला, पण भाकरी करायला गुरुजींनाच बसवलं.

गेल्या मे महिन्यात शेजारगावचे एक जण दहावीतल्या पोराला घेऊन आले. पोरगा दारात चप्पल काढत होता, बाप पेढ्यांचा पुडा पुढे करत म्हणाला, "गुरुजी, याला पण डॉक्टर करावं म्हणतोय." गुरुजींनी नवीन रजिस्टर उघडलं, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि 'बसा' म्हणायच्या आधी विचारलं, "नॉन-क्रिमिलेयर काढलंय का?"